खाऱ्या पाण्यानं होतंय तसं

बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्लीत साईनाथची ओळख दोन तऱ्हेनं करून देतात. म्हाताऱ्या बायका म्हणतात, अंबुबाईचा धाकटा, मागावर बसायचा कंटाळा करणारा. पोरं म्हणतात, समुद्राच्या तळाला जाऊन येणारा. दोन्ही खरं आहे. घरातल्या पुढच्या सोप्यात चार पॉवरलूम, आणि त्यांच्या खडखडाटात वाढलेल्या साईनाथला लहानपणापासून एकच हौस होती, पाण्याखाली जायची. तिथं आवाज नसतो म्हणून, असं तो सांगायचा. बारावी झाल्यावर तो मालवणला एका बोटीवर कामाला गेला. तिथं आदर्श नावाचा स्कूबा शिकवणारा भेटला. वयानं त्याच्यापेक्षा लहान, पण साईनाथ त्याला सर म्हणायचा. त्याच्या हाताखाली तीन-चार हंगाम काढून, परीक्षा देऊन साईनाथ दुसऱ्यांना पाण्यात न्यायला लायक झाला.

लग्नानंतर तो वडगावला परत आला. आठवडाभर मागाची दुरुस्ती करायची आणि हंगामात शनिवार-रविवार बेळगाव, निपाणी, संकेश्वरकडची हौशी माणसं गाडीत घालून मालवणला न्यायची, असं त्याचं चाललं होतं. माणूस बोलका. बोटीवर सगळ्यांना गोल बसवून तो जे सांगायचा, ते ऐकून घाबरट माणसालासुद्धा धीर यायचा.

"खाली गेलं की पाण्याचा दाब वाढतोय. आपण श्वासातनं घेतलेली हवा अंगात मुरतीया. सावकाश वर आलं तर ती तशीच सावकाश निघून जातीया. गडबड केली की सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे होत्यात, रक्तात, सांध्यात. म्हणून वर येताना पाच मीटरवर थांबायचं म्हणजे थांबायचं. आणि त्या दिवशी घाट चढायचा न्हाय. आपलं बेळगाव उंचावर हाय. समुद्रातनं निघून आंबोली चढणं म्हणजे आणखी वर येणंच की."

मग तो लक्षणं सांगायचा. नेहमीपेक्षा वेगळा थकवा. अंगाला खाज, कातडीवर निळसर-तांबडी जाळी. खांदा नाहीतर कोपर खोलवर ठणकणं. बोटांना मुंग्या.

"पण सगळ्यात पहिलं लक्षण वेगळंच," असं म्हणून तो जरा थांबायचा. "माणूस म्हणतो, मला काय झालेलं न्हाय."

बोटीवर सगळे हसायचे. साईनाथलाही ते आवडायचं.

त्याच्या गटात संकेश्वरच्या मनिषाक्का होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, घरी शिवणाचा क्लास चालवणाऱ्या. दिवसभर मशिनवर वाकून कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि पोहता पोहता त्या इथवर आल्या. पोरीबाळींच्या हसण्याकडे लक्ष न देता त्यांनी पूर्ण कोर्स केला होता. त्यांचे यजमान मारुतीराव साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांना हे प्रकरण पसंत नव्हतं, पण ते आड आले नव्हते. "सांभाळून न्या म्हणजे झालं," एवढंच ते दर वेळी साईनाथला म्हणायचे.

त्या शनिवारी नेहमीप्रमाणे मालवणला मुक्काम करायचा बेत होता. पण रविवारी सकाळी वडगावला विणकर समाजाच्या सभागृहात साईनाथचा सत्कार ठरला होता. समाजाचे अध्यक्ष यमनाप्पा स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. मागच्या महिन्यात राकसकोपच्या धरणात बुडालेल्या माणसाचा देह साईनाथनं काढून दिला होता, त्याबद्दल. अंबुबाईंनी नेसायचं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. तेव्हा बाकीच्यांनी मालवणलाच राहायचं आणि साईनाथनं संध्याकाळी परत फिरायचं, असं ठरलं. "मग मीबी येते तुमच्यासंगं," मनिषाक्का म्हणाल्या. "वाटेत सोडा मला."

सकाळच्या दोन डुबक्यांत पाणी गढूळ होतं. दुपारी ते एकदम निवळलं. साईनाथ आणि मनिषाक्का तिसऱ्यांदा उतरले. बाहेरच्या खडकापाशी, चांगल्या खोलीत, खडकाच्या कडेनं मोठं कासव संथ चाललं होतं आणि साईनाथनं त्याचं चित्रण केलं. परत येताना दोघं नियमाप्रमाणे पाच मीटरवर थांबले. तिथं कॅमेऱ्याची दोरी साईनाथच्या मनगटातून निसटली आणि कॅमेरा खाली जाऊ लागला.

त्या वेळी त्यानं जायला नको होतं. कॅमेरा गेला तर गेला, हेच तो दुसऱ्यांना शिकवत होता. पण तो वळला आणि सरळ खाली गेला. आणि जोडीदाराला सोडायचं नाही हे मनिषाक्कांना त्यानंच शिकवलेलं असल्यामुळे त्याही त्याच्या मागोमाग गेल्या.

कॅमेरा मिळाला. तोपर्यंत दोघांच्या सिलिंडरमधली हवा उतरत आली होती. साईनाथच्या मनगटावरचं, खोली आणि वेळ मोजून धोका सांगणारं यंत्र सारखं पीप पीप करत होतं. पाच मीटरवर थांबायला हवा उरली नव्हती. दोघं तसेच वर आले. बोटवाल्यानं विचारलं, "सगळा ठीक मा?" साईनाथनं अंगठा वर केला आणि मनगटावरचं यंत्र काढून पिशवीत टाकलं.

गाडी सावंतवाडी ओलांडून घाटाकडं लागली तेव्हा मनिषाक्कांनी विचारलं, "साईनाथ, आज घाट चढायचा नसतोय न्हवं?"

"एवढ्यानं काय होत न्हाय आक्का. आंबोली म्हणजे काय हिमालय हाय व्हय?"

त्या हसल्या. त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

आंबोलीत चहाला थांबले तेव्हा त्या पदराआडून पोट खाजवत होत्या. कपबशी हातात घेऊन नुसत्याच बसल्या. "अंगात काय जीवच न्हाय बघा," म्हणाल्या. "आणि खाज सुटलीया नुसती."

साईनाथनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. चहा पीत म्हणाला, "खाऱ्या पाण्यानं होतंय तसं. त्यात तो रबरी सूट. घरी जाऊन गोड्या पाण्यानं आंघोळ करा, सकाळपर्यंत जातंय."

असं तो बोलला खरं, पण बोलत असताना त्याच्या मनात काहीतरी टोचून गेलं. त्यानं ते ढकलून दिलं. दिवसभर उन्हात बाई थकणारच, असं स्वतःला सांगितलं.

संकेश्वरला पोचले तेव्हा रात्र पडली होती. मारुतीराव दारातच उभे होते. त्यांनी चहाचा आग्रह केला, साईनाथनं तिथंही अर्धा कप घेतला. मनिषाक्का आत जाऊन ज्या पडल्या त्या बाहेर आल्या नाहीत. "दमल्यात," साईनाथ म्हणाला आणि निघाला.

वडगावला घरी आल्यावर गाडीतून रिकामा सिलिंडर उतरवताना त्याच्या उजव्या खांद्यात ठणका लागला. आत, हाडाच्या आत. दाबून बघितलं तर दुखणं सापडेना, हात हलवला तरी कमी-जास्त होईना. बायको स्वरूपानं विचारलं, "काय झालं?"

"सिलिंडर उचलून भरलाय खांदा."

तिनं मलम चोळलं, गरम कापडानं शेकलं. काही फरक पडला नाही. "डॉक्टरला दाखवूया का?" ती म्हणाली. "मला काय झालेलं न्हाय," तो म्हणाला. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला बोटीवरचं हसणं आठवलं. मग त्यानं दिवा मालवायला सांगितलं.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत अंबुबाई, स्वतःच्याच मागावर विणलेल्या हिरव्या लुगड्यात. यमनाप्पांनी भाषण केलं. विणकराच्या घरातला पोरगा, समुद्र जिंकून आला, आपला मान वाढवला. टाळ्या पडल्या. शाल घालताना ती उजव्या खांद्यावर पडली आणि साईनाथनं दात आवळले. मग मानचिन्ह दिलं. फोटोवाला म्हणाला, "अण्णा, जरा वर धरा की, डोक्याच्या वर."

साईनाथनं हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्याच्या पुढं जाईना. त्यानं हसून मानचिन्ह डाव्या हातात घेतलं. लोकांना वाटलं, लाजतोय.

मग त्याला बोलायला लावलं. दुसरं काही सुचेना म्हणून तो नेहमीचं बोलला. समुद्रात हुशारी चालत नाही, नियम पाळावे लागतात, गडबड करणारा माणूस स्वतः तर जातोच आणि संगतीच्या माणसालाही घेऊन जातो. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

भाषण झाल्यावर तो सभागृहामागच्या मोरीत गेला, दार लावलं आणि शर्ट वर केला. पोटावर, बरगडीच्या कडेला, कातडीवर निळसर-तांबडी जाळी उमटली होती. ही जाळी त्यानं आजवर कितीतरी जणांना मोबाईलवर चित्रात दाखवली होती.

म्हणजे आक्कांनाही तेच झालं होतं. चहाच्या वेळीच.

तिथून त्यानं थेट बाहेर पडायला हवं होतं. पण दार उघडलं तर समोर यमनाप्पा. "चला, पंगत बसलीया. मानकऱ्याशिवाय वाढणार कसं?" आणि साईनाथ पंगतीला बसला. शेजारी आई. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माझा धाकटा." साईनाथ डाव्या हातानं जेवत राहिला. लोकांनी विचारलं, डाव्या हातानं का? तो म्हणाला, खांदा भरलाय. उठून जावं तर कारण सांगावं लागलं असतं. शाल अंगावर असताना काय कारण सांगणार? जिलबी वाढून झाली, आग्रह झाला, ताक झालं. इतका वेळ तो बसून होता, आणि संकेश्वरला एक बाई काय होतंय ते न कळता पडून आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हात धुतल्यावर त्यानं फोन लावला. मारुतीरावांनी उचलला.

"ती झोपलीया. कालपासनं झोपूनच हाय. सकाळी चहाचा पेला हातातनं पडला तिच्या. म्हणतीया बोटं बधिर झाल्यात, सुई धरल्याली कळंना. काय सांगायचं होतं काय?"

"न्हाय," साईनाथ म्हणाला. "सहज. त्या बाजूला येणार हाय, म्हणून... घरी येऊन जातो."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. तो स्वरूपाला म्हणाला, "माझ्याबरोबर चल, गाडी तू चालव, मला हात उचलत न्हाय." तिनं किल्ली घेतली. सभागृहाच्या दारातूनच दोघं निघाली.

वाटेत त्यानं आदर्शला फोन लावला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"ऑक्सिजन लावला त्यांना?" आदर्शनं विचारलं.

"न्हाय अजून."

"तू त्यांना सांगितलंस तरी काय झालंय ते?"

"तिथं जाऊन सांगावं म्हटलं."

"गाडी थांबव," आदर्श म्हणाला. "आधी त्यांच्या नवऱ्याला फोन कर. जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावायला सांग. तू पोचेपर्यंत त्यांनी तसंच बसून राहायचं काय? तुला सांगायला लाज वाटते म्हणून?"

महामार्गाच्या कडेला, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग शेजारून जात असताना, साईनाथनं मारुतीरावांना पुन्हा फोन केला. आक्कांना लगेच दवाखान्यात न्या, ऑक्सिजन लावायला सांगा, भरपूर पाणी द्या, असं सांगितलं.

"का?" मारुतीराव म्हणाले. "झालंय काय तिला?"

"समुद्रातनं वर आल्यावर कधी कधी असं होतंय."

"मग काल का सांगितलं न्हाय?"

"मी आलोच अण्णा," म्हणून त्यानं फोन बंद केला. स्वरूपानं समोर रस्त्याकडं बघतच गाडी पुन्हा सुरू केली. तिनं सगळं ऐकलं होतं.

संकेश्वरच्या दवाखान्यात मनिषाक्का खाटेवर होत्या, तोंडावर मास्क. नर्सबाई कन्नडमध्ये पुटपुटत होती, "समुद्रदाग होगी बंदाळ, इल्ली आक्सिजन याक बेकु?" तिचं तरी काय चुकलं? समुद्रावर जाऊन आलेल्या बाईला इथं ऑक्सिजन कशाला, हे तिला कळेना. तिथल्या तरुण डॉक्टरालाही असा रुग्ण कधी मिळाला नव्हता, पण त्यानं अडवणूक केली नाही. साईनाथची जाळी बघून त्यालाही मास्क लावला आणि आदर्शनं दिलेल्या नंबरावर गोव्यातल्या, पाण्याखाली जाणाऱ्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन लावून तो स्पीकरवर ठेवला.

डॉक्टरबाईंचा आवाज शांत होता. त्यांना एकेक गोष्ट हवी होती आणि ती साईनाथशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं. मास्क बाजूला करून तो उत्तरं देऊ लागला. खाटेच्या एका अंगाला मारुतीराव, दुसऱ्या अंगाला स्वरूपा.

"एका दिवसात किती वेळा उतरलात?"

"तीनदा."

"शेवटच्या वेळी वर येताना थांबलात?"

"थांबलतो. पण मग... परत खाली गेलो."

"का?"

साईनाथनं खाली मान घातली. "कॅमेरा पडला होता."

"दोघंही गेलात?"

"मी गेलो. त्या माझ्या मागनं आल्या."

"मग वर येताना?"

"थांबलो न्हाय. हवा संपत आलती."

"त्यानंतर किनाऱ्यावरच राहिलात ना?"

"न्हाय. त्याच संध्याकाळी आंबोली चढून आलो."

"पहिलं लक्षण कधी दिसलं?"

"आंबोलीत. यांना खाज आणि थकवा. मी म्हणालो, खाऱ्या पाण्यानं होतं."

"आणि तुम्हाला स्वतःला कधी कळलं?"

इथं तो थांबला. मारुतीराव त्याच्याकडं बघत होते. आत्ताच, इकडं येताना, असं म्हणता आलं असतं. कोणाला कळणारही नव्हतं.

"सकाळी," तो म्हणाला. "सत्काराच्या वेळी. त्यानंतर मी जेवायला बसलो."

मनिषाक्कांनी मास्क सरकवला आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "माझंबी चुकलंच की. मी कशाला गेले मागनं? आणि काल रात्री पोट बघितलं तवाच यांना दाखवायला पायजे होतं. म्हटलं, या वयात हे उद्योग कोणी सांगितले होते म्हणतील. लाज वाटली."

साईनाथला ते ऐकवेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मारुतीराव तसे कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "काल माझ्या दारात बसून चहा पिऊन गेलासा तुम्ही."

डॉक्टरबाईंनी सांगितलं त्याप्रमाणे तिथल्या डॉक्टरानं मनिषाक्कांना डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावलं. चालताना त्या एका बाजूला झुकल्या. डॉक्टरबाईंचा आवाज पहिल्यांदाच बदलला. वेळ घालवू नका, ऑक्सिजन चालू ठेवून दोघांनाही घेऊन या, असं त्या म्हणाल्या. वाटेत थोडा चढ लागेल, त्याला इलाज नाही, पण मास्क काढायचा नाही.

संध्याकाळपूर्वी रुग्णवाहिका निघाली. पुढं ड्रायव्हरजवळ मारुतीराव. मागं समोरासमोर मनिषाक्का आणि साईनाथ, दोघांच्या तोंडावर मास्क. स्वरूपा आपल्या गाडीनं मागोमाग. गडहिंग्लज, आजरा, आणि मग आंबोलीचा तोच घाट. मास्कमुळं बोलता येत नव्हतं. मनिषाक्का उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या टोकांवर सारख्या घासत होत्या. काही कळतंय का, ते बघत होत्या. एकदा त्यांनी मान वर केली आणि दोघांची नजर भेटली, तेव्हा साईनाथनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

गोव्यात त्यांना लोखंडी खोलीत, चेंबरमध्ये बसवलं. दार बंद करून आत हवेचा दाब वाढवत नेला, जणू दोघं पुन्हा समुद्रात उतरत होते. कान दडपले. थोड्या वेळात साईनाथच्या खांद्यातला ठणका विरघळल्यासारखा गेला. दाबानं दुखणं जातं म्हणजे ते बुडबुड्यांचंच, आता शंकेला जागाच उरली नाही. दुखणं गेल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला रडू आलं, आणि मास्कच्या आत नाक गळू लागलं तेव्हा पुसताही येईना.

आतल्या परिचारकानं विचारलं, "दुखतंय का?" त्यानं नाही म्हणून मान हलवली.

तो दोन दिवसांत घरी आला. मनिषाक्कांना आणखी तीनदा चेंबरमध्ये बसावं लागलं. त्यांचं चालणं सरळ झालं, जाळी गेली, थकवा गेला. पण उजव्या हाताच्या दोन बोटांतल्या मुंग्या मागं राहिल्या. हळूहळू जातील, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण कधी ते सांगता येत नाही. क्लासमधल्या मुलींकडून त्या सुईत दोरा ओवून घेऊ लागल्या.

वडगावात वेगळीच गोष्ट पसरली. समुद्रानं साईनाथला धरलं होतं, मोठ्या हिमतीनं सुटून आला, शिवाय एका बाईला वाचवलं. लोक सफरचंदं आणि बिस्किटं घेऊन भेटायला यायला लागले. यमनाप्पाही आले. "तरी मी म्हणत होतो, फोटो काढताना हात का वर होईना याचा. तसल्या दुखण्यात कार्यक्रमाला बसला बघा, समाजाचा मान राखला." अंबुबाई दारात उभ्या राहून मिरच्या-मीठ ओवाळत होत्या, सत्काराला नजर लागली म्हणून.

साईनाथ पहिले दोन दिवस ऐकून घेत राहिला. कोणी काही म्हटलं की, "व्हय," एवढंच बोलायचा. स्वरूपा चहा आणून ठेवायची आणि त्याच्याकडं न बघता आत जायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारणी गेल्यावर ती म्हणाली, "त्या बाईला तुम्ही वाचवलं म्हणून सांगत्यात गल्लीत. तुम्ही गप बसून ऐकतासा."

"काय बोलू?"

"मला काय विचारताय?"

तेव्हा तो उठून आईकडं गेला. अंबुबाई मागाजवळ कांड्या भरत बसल्या होत्या. माग बंद होते, त्यामुळे हळू बोललं तरी ऐकू जात होतं. त्यानं सगळं सांगितलं. कॅमेरा, घाट, आंबोलीतला चहा, मोरीतली जाळी आणि पंगत. अंबुबाईंचे हात थांबले.

"माझ्या शेजारी जेवत होतास तवा तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"जिलबी मीच वाढायला लावली तुला दुसऱ्यांदा." मग म्हणाल्या, "आणि त्या बाईची बोटं? शिवणावर पोट न्हवं तिचं?"

"बरं होतंय म्हणत्यात हळूहळू."

"मला घेऊन जा एकदा तिकडं," त्या म्हणाल्या. "मी जाऊन बसते तिच्याजवळ. तू बाहेर थांब पायजे तर."

पण साईनाथ बाहेर थांबला नाही. पुढच्या रविवारी दोघं संकेश्वरला गेले. दारात मारुतीराव होते. त्यांनी अंबुबाईंना "या आक्का" म्हटलं, साईनाथला काहीच म्हटलं नाही, पण ते आडही आले नाहीत. आत मनिषाक्का ब्लाऊजचं कापड कापत होत्या. अंबुबाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं एकेक करून चोळत राहिल्या. साईनाथ भिंतीला टेकून उभा होता.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "आंबोलीत मला कळलं होतं. पूर्ण न्हाय, पण काहीतरी कळलं होतं. मी मुद्दाम बघितलं न्हाय."

मनिषाक्कांनी मान डोलावली. "मला त्याच वेळी वाटलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्याकडं बघतच नव्हता."

त्यांनी रागानं म्हटलं असतं तर तो पाया पडला असता. त्या नुसतं खरं ते बोलल्या आणि पुन्हा कात्री उचलली, डाव्या हातात.

त्या हंगामात साईनाथनं कोणाला पाण्यात नेलं नाही. यमनाप्पांना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी जरा ओशाळून, "असू दे, असू दे, बाहेर बोलू नकोस," असं म्हटलं. तरीही तो ज्याला-त्याला सांगत गेला. काहींनी दुसऱ्याच विषयावर बोलणं काढलं, काहीजण त्यानंतर रस्त्यात भेटले तरी थांबेनासे झाले. एकदा बसस्टँडवर त्याच्या जुन्या गटातल्या एकानं हसत विचारलं, "काय रं, आता कॅमेरा दोरीनं बांधतोस का साखळीनं?" साईनाथ हसला नाही आणि चिडलाही नाही. त्यानं आपली बस कुठली ते बघितलं.

दिवाळीनंतर समुद्र शांत झाला, बोटी पुन्हा सुरू झाल्या. एक दिवस दुपारी मनिषाक्कांचा फोन आला.

"साईनाथ, डॉक्टरबाईंनी परवानगी दिली मला. आदर्श सरांबरोबर चालले मालवणला. दुसऱ्या कोणाकडनं कळायच्या आधी म्हटलं मीच सांगावं."

"बोटं?"

"एक बरं झालं. करंगळीत अजून थोडं हाय."

"चांगलं केलंसा आक्का," तो म्हणाला. "सरांबरोबर जाताय ते चांगलं केलंसा."

"तुमच्यावर राग न्हाय माझा," त्या म्हणाल्या. "पण पाण्यात आता तुमच्यासंगं भ्या वाटंल."

"व्हय," साईनाथ म्हणाला. "बरोबर हाय ते."

फोन ठेवून तो मागांकडं आला. पुढच्या सोप्यात तीन माग चालू होते, चौथ्याचा धागा तुटला होता. स्वरूपानं आतून हाक मारून विचारलं, कोणाचा फोन होता? त्यानं ओरडूनच सांगितलं, मागांच्या आवाजात तिला ऐकू जावं म्हणून, आणि मग तो धागा जोडायला वाकला.